अर्ध्या बाटलीची गोष्ट

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आमच्या गुरुजींनी पत्राचा मायना शिकवला तेव्हा वडिलांना काय लिहायचं, मामाला काय, पोस्टमास्तरांना काय, सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं. बायकोला काय लिहायचं ते सांगायचं राहून गेलं. त्यांची चूक नाही, वर्गात आम्ही सगळे दहा वर्षांचे होतो. तेव्हा मायन्याशिवायच सुरुवात करतो.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोन का उचलत नाही, असं तू विचारलं आहेस. फोनवर तू रडतेस आणि मी हो म्हणतो, म्हणून उचलत नाही. कागदावर मला थांबता येतं. एक ओळ लिहून उठतो, खुर्चीच्या हातावरून बोळा फिरवून येतो, मग दुसरी लिहितो. या पत्राला पॉलिशचे डाग पडले असतील तर ते त्यामुळे.

तू राहतेस त्या आक्का महिनाअखेरीला लेकीकडे राहायला जाणार, त्यांचं घर बंद होणार, आणि तुला घरी यायचं आहे. ‘माझ्याच घरी यायला मी परवानगी मागतेय’ असं लिहून तू खोडलंस, पण ते वाचता आलं. तुझी अटही वाचली. दारू सोडायला सांगायचं नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. ‘संध्याकाळी दोन बोटं, तीही तुमच्या पाठीमागे. बावीस महिने तुम्ही कोरडे आहात, आता तुम्हाला काही होत नाही.’

उत्तर आज देत नाही. महिना संपायच्या आत देईन. हो किंवा नाही, मधलं काही नाही.

इकडचं म्हणशील तर काम आहे. सुतारानं आठ खुर्च्या पाठवल्या, एका वकिलाच्या कचेरीच्या. लाकूड चांगलं आहे. डावा डोळा आहे तसाच, समोर दुधाचा पातळ पडदा. उजव्यानं भागतं. चकाकी आता मी डोळ्यानं कमी आणि बोटानं जास्त बघतो. सुतार म्हणतो, ‘एका डोळ्यानं बघतोस म्हणून गिऱ्हाईकाचे दोष दिसत नाहीत तुला, बरंच आहे.’ त्या आठांतल्या चार खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणायच्या आहेत. मी त्याला सांगितलं, विणणारी सध्या गावाला आहे. त्यानं नुसती मान हलवली. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मान हलवतात.

खारू बरी आहे. उंची वाढली. केस स्वतः विंचरते, भांग वाकडा असतो, मी काही बोलत नाही. तुझ्या पत्रातला तिच्यासाठीचा कागद मी तिला न वाचता दिला.

तिला तुझी आठवण येते का, असं विचारलंस. येते. तिचं बोलणं वेगळं लिहीन.

*

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आक्का येऊन गेल्या. तू पाठवलंस की त्या आपणहून आल्या, ते मी विचारलं नाही. आल्याबरोबर दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, यातली कोरडी खुर्ची कुठली? तुमच्या घरात बसायचं म्हणजे आधी चौकशी करावी लागते.’

मी तिवई पुसून दिली.

‘माझ्या बहिणीला दारू कुणी लावली?’ बसल्याबरोबर हेच.

‘मी.’

‘बरं झालं, कबूल तरी करता. मग आता तुम्ही सुटलात आणि ती अडकली, तर तिला घराबाहेर ठेवणार?’

‘दवाखान्यात तिच्यासाठी खाट आहे, आक्का. सहा आठवडे. मी डॉक्टरांशी बोललोय.’

‘वेड्यांचं ते.’

‘मीही तिथेच होतो.’

‘तुमचं वेगळं. तुम्ही पुरुष. लोक म्हणतात, सुधारला. ती आत गेली तर काय म्हणतील ते मी तुम्हाला सांगायला नको.’ मग पदराच्या टोकानं कपाळ पुसून जरा हळू बोलल्या. ‘माझ्याकडे चार महिने ठेवली. चांगली वागते. भांडी घासते, माझे पाय चेपते. दुपारी चार वाजले की गप्प होते आणि दाराकडे बघत बसते, बस. मला तिचा त्रास नाही. त्रास एवढाच की मी तिच्याकडे बघते आणि मला आमची आई दिसते, आजारातली. मला नाही बघवत ते.’

मी चहा केला. साखर विसरलो. त्या काही न बोलता प्यायल्या, यावरून त्यांना किती बोलायचं होतं ते कळलं.

निघताना उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, ‘एक खरं सांगा. तिला इथून का पाठवलंत? ती म्हणते, तुम्हाला तिच्या तोंडाचा वास सहन होईना, तुमचा तोल जाईल असं तुम्हीच म्हणालात. आणि तुम्ही तर दिवसभर स्पिरिटमध्ये हात बुडवून बसलेले. या घराच्या भिंतींना वास आहे. तिच्या तोंडाचा तुम्हाला वेगळा कळला?’

मी म्हणालो, ‘कळतो.’

आक्का शिकल्या नाहीत, पण खोटं ऐकलं की त्यांची डावी भुवई वर जाते. गेली. आणि त्या पायऱ्या उतरल्या.

आक्कांना मी खोटं सांगितलं. तुलाही जुलैमध्ये तेच खोटं सांगितलं होतं.

*

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी देवापुढे बसलो होतो. मी तिथे काही मागत नाही हे तू जाणतेस, नुसता बसतो. आज लक्षात आलं की गेले चार महिने तिथेही मी काहीतरी पाठीमागे धरून बसतो आहे. माणसांपुढे ते जमून जातं. तिथे जरा हसूच येण्यासारखं आहे.

म्हणून आधी गोष्ट. आपल्या घरात तिला नावच होतं, अर्ध्या बाटलीची गोष्ट. तू सहसा खोलीत नसायचीस, म्हणून मी ती कशी सांगायचो हे तुला पूर्ण माहीत नसेल. जशी सांगायचो तशी लिहितो.

खारू तेव्हा सहा वर्षांची होती. बाबा काम संपलं की बाहेर जायचे, एक बाटली संपवायचे आणि भिंतीला धरत घरी यायचे. आई भांडली. रडली. आठ दिवस बोलली नाही. कशाचा उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी आईनं टेबलावर दोन पेले मांडले आणि म्हणाली, ‘आजपासून बाहेर जायचं नाही. बाटली घरी आणा. अर्धी तुमची, अर्धी माझी.’ बाबा हसले. आई म्हणाली, ‘हसू नका. अर्धी मी प्यायले तर तुमच्या पोटात अर्धीच जाईल ना?’ आईला तर वासानं मळमळायचं. पण तिनं दोन बोटांनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. का? तर बाबांचं विष कमी व्हावं म्हणून.

खारूला नाक दाबण्याचा भाग फार आवडायचा. तिथे आलो की ती स्वतःचं नाक दाबून धरायची आणि मोठी होत गेली तरी धरायची. मी म्हणायचो, अशी आई कुणाला मिळत नाही. शपथेवर सांगतो, मला ते खरं वाटायचं. अजून वाटतं.

सुरुवातीचे दिवस तुलाही आठवत असतील. दोन पेले, मधे खिडकी, तू वेत भिजत घातलेल्या बादलीत पाय सोडून बसायचीस. इतर वेळी मला अहो-जाहो करणारी तू दुसऱ्या पेल्यानंतर ‘अरे ऐक ना’ म्हणायचीस. मला ते आवडायचं. बावीस महिने मी खोटं बोलत आलो, की मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलायला सांगतात तेव्हा मी हातांचं थरथरणं सांगितलं, उलट्या सांगितल्या. ‘अरे ऐक ना’ सांगितलं नाही.

मग पाच वर्षांनी दारूची दुकानं दोन दिवस बंद होती आणि मी पॉलिशचं स्पिरिट प्यायलो. सकाळी डोळे उघडले तर समोर दूध सांडलेलं. तुझा आवाज येत होता आणि तू नव्हतीस. पुढे दवाखाना, मग दुसरा दवाखाना, सात आठवडे. मी कोरडा होऊन घरी आलो तेव्हा वाटलं, झालं, संपलं. माझं कमी व्हावं म्हणून तू पीत होतीस. आता माझं काहीच नाही, तर तुझं कशाला उरेल?

तू दारातच म्हणालीस, ‘मग आता तुमचा वाटा कुणी प्यायचा?’

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतेस.

काल खारूला विचारलं, आईनं घरी यायचं म्हटलं तर? तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, पण पान उलटायचंही थांबली. मग म्हणाली, ‘येऊ दे ना. मी आहे.’ पुढे आणखी एक वाक्य बोलली. ते वाक्य मी गेले चोवीस तास डोक्यात घेऊन फिरतोय. आज माझ्याच्यानं लिहवत नाही.

*

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आता मात्र सगळं लिहितो. दोन गोष्टी आहेत. पहिली माझी.

अर्ध्या बाटलीचा आपला नियम सुरू झाला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी मोठी बाटली आणली. दुकानदाराला म्हणालो, हीच, पण मोठी दे. दोन महिन्यांनी त्याहून मोठी. तिची अर्धी म्हणजे माझी जुनी पूर्ण. घरात पॉलिश भरायला रिकाम्या बाटल्या लागतात म्हणून मी लेबलं बोळ्यानं काढून टाकायचो, हे तू रोज बघायचीस. पॉलिश भरायला लागतात हे खरं होतं. पण त्या बाटलीचं लेबल मी पिण्याआधी काढायचो. खोलीभर लहानमोठ्या बाटल्या, एकीवरही काही लिहिलेलं नाही. कोणती किती मोठी हे कळायला मार्ग नव्हता.

तू नाक दाबून तुझा वाटा संपवायचीस. पुढे नाक दाबायचीही गरज उरली नाही. आणि मी समोर बसून म्हणायचो, ‘बघ, किती कमी झाली माझी.’ तू खूश व्हायचीस. तुझा चेहरा त्या वेळी दिसायचा तसा मी दुसऱ्या कशानंही करू शकलो नव्हतो. मला दारू हवी होती आणि तो चेहराही हवा होता.

तू माझ्यासाठी प्यायलीस, आणि माझी थेंबानंही कमी झाली नाही. एवढंच.

दुसरी गोष्ट खारूची आहे. तिनं मला शपथ घातली होती, ‘आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.’ परवा मी तिच्याकडे शपथ परत मागितली. कारण सांगितलं. तिनं विचार करून दिली.

जुलैमध्ये तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. मुलगी दुपारनंतर बाकावर डोकं ठेवून झोपते, म्हणाल्या, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळी, ती घरी जेवायला येते तेव्हा, मी सुताराकडून लवकर परतलो. तू आतल्या खोलीत झोपली होतीस. कामाच्या खोलीत खुर्च्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले होते. त्यांच्यामागे खारू बसली होती. हातात स्टीलचा पेला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नाक दाबलेलं.

मी पेला काढून घेतला. मारलं नाही, ओरडलोही नाही. तीच बोलली, अगदी शहाण्यासारखी, समजुतीच्या सुरात. ‘बाबा, नऊ दिवस झाले. मी रोज अर्धी पिते आणि तेवढीच तिच्या बाटलीतून कमी होते. आई आता अर्धीच पिते.’

तुझ्या लक्षात आलं असेल, त्या दिवसांत बाटली लवकर संपत होती. तू काय केलंस, आठव. मला आठवतं. तू दोन आणायला लागलीस.

म्हणून तुला पाठवलं. वास सहन होत नाही म्हणून नाही. मी स्वतः ती गोष्ट तिच्या कानात सात वर्षं भरली आणि ती ते शिकली. तिनं काही चुकीचं ऐकलं नव्हतं. आई कशी असते हे मी तिला सांगितलं आणि तिनं तसं व्हायचं ठरवलं.

आता तिचं शनिवारचं वाक्य. ‘येऊ दे ना. मी आहे,’ असं म्हणाली, आणि पुढे म्हणाली, ‘तेव्हा मला उलटी व्हायची. आता मी मोठी झालेय.’

उत्तर नाही असं आहे. तू पीत असशील तोवर या घरी यायचं नाही. दोन बोटं नाही, पाठीमागे नाही. दवाखान्यात जाशील तर मी दर रविवारी येईन, भेटू देत नाहीत तेव्हा बाहेरच्या बाकावर बसेन. नाही जाणार म्हणालीस तरी तुझ्या राहण्याची व्यवस्था मी बघेन, आक्कांना काळजी करू देऊ नकोस. पण इथे नाही.

हे लिहायचा अधिकार मला कुणी दिला, असं तू विचारशील. कुणीही नाही. ज्यानं तुला बुडवलं त्यानंच दार लावायचं, यात न्याय नाही, ते मला दिसतं. मला न्याय करायचा नाही. तेरा वर्षांची मुलगी घरात आहे.

*

गुरुवार, ३० ऑक्टोबर, दुपारी

तू दाराच्या पलीकडे पायरीवर बसली आहेस आणि मी अलीकडे जमिनीवर बसून लिहितो आहे. मध्ये एक फळी आहे, तीही मीच पॉलिश केलेली.

अडीच वाजता तू कडी वाजवलीस. मी विचारलं, ‘कोण?’ तू म्हणालीस, ‘चार महिन्यांत आवाज विसरलात?’ मी आतून म्हणालो, ‘पत्र मिळालं ना?’

‘मिळालं. उघडलं नाही.’

‘का?’

‘जाड होतं. हो म्हणायला एवढे कागद लागत नाहीत.’

मला हसू आलं आणि तुला ते ऐकू गेलं, कारण तूही हसलीस. तेवढ्यात मी कडीला हात लावला होता. तुला सांगून ठेवतो. लावला होता.

मग तू म्हणालीस, ‘मी प्यायलेली नाहीये. सकाळपासून नाही. उघडा, तोंडाचा वास घ्या.’ मी म्हटलं, ‘पत्र जवळ आहे का?’ तू म्हणालीस, ‘पिशवीत आहे.’ ‘मग ते वाच. इथेच बसून वाच. मग बोलू.’

‘तोंडानं सांगता येत नाही?’

‘नाही.’

लिफाफा फाटल्याचा आवाज आला. त्याला आता वीस मिनिटं झाली. तू पानं उलटतेस ते ऐकू येतं. एक पान तू दोनदा वाचलंस. कोणतं ते मला अंदाजानं कळतं.

आता काही ऐकू येत नाही.

म्हणून हा कागद. दार उघडून बोललो तर मी हो म्हणेन. तुझा चेहरा बघून नाही म्हणण्याची ताकद माझ्यात कधी नव्हती, दारूच्या बाबतीतही नव्हती. चौकात आक्का रिक्षा थांबवून उभ्या आहेत हे मला खिडकीतून दिसलं. म्हणजे तुलाही खात्री नव्हती. त्यांच्याबरोबर जा. आज नाही तर उद्या सकाळी दवाखान्यात जा. खाट अजून ठेवलेली आहे, मी काल विचारलं.

खारू सव्वापाचला येते.

तू दार बडवलंस तरी चालेल. शिव्या दिल्यास तरी चालेल. मी इथेच बसलो आहे, उठून आत जाणार नाही. कागद खालून सरकवतो. पेन्सिलही.

*

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दवाखान्यात पहिले दहा दिवस पत्र देत नाहीत, मला माहीत आहे. हे तुला अकराव्या दिवशी मिळेल. तोवर हात थोडे स्थिर झाले असतील. चौथा दिवस सगळ्यांत वाईट असतो, तो तुझा केव्हाच होऊन गेला असेल. मी त्या दिवशी इथे काय करत असेन ते आत्ता सांगता येत नाही, पण काम करत नसेन.

आक्कांचा फोन सकाळी आला. त्या म्हणाल्या, काल घरी पोचल्यावर तू प्यायलीस, होती तेवढी सगळी, आणि जेवली नाहीस. सकाळी आपणहून तोंड धुतलंस, पिशवी भरलीस आणि त्यांना म्हणालीस, ‘चल.’ वाटेत एकदा रिक्षा थांबवून उलटी केलीस. फॉर्मवर सही तुझी तू केलीस. आक्का फोनवर रडत होत्या. मी कधी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. शेवटी नाक ओढत म्हणाल्या, ‘तुम्हाला मी माफ केलेलं नाही, भाऊजी. उद्या लेकीकडे जायचं रद्द केलं, दोन आठवड्यांनी जाते. एकदा तिला भेटून.’

तू दाराखालून परत सरकवलेला कागद माझ्याकडे आहे. पाठीमागे तुझ्या तीन ओळी. ‘वाचलं. बाटली मोठी झाली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, धुताना मुठीत मावली नाही. खारूचं माहीत नव्हतं. ती यायच्या आत जाते.’

मधली ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. पाच वर्षं मी तुला फसवत होतो असं मला वाटत होतं. तू फसलेली नव्हतीस. तुला माहीत होतं आणि तरी तू दोन पेले मांडत राहिलीस. का, ते मी विचारत नाही. मला वाटतं ते उत्तर मला ठाऊक आहे, मीही दुकानात तसाच उभा असायचो, दारूही हवी आणि तुझा तो चेहराही.

काल खारू सव्वापाचला आली. दप्तर खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘कोण आलं होतं?’ पायरीवर धूळ पुसलेली होती, तू बसली होतीस तेवढी. आपली पोर असली धूळसुद्धा वाचते.

‘तुझी आई.’

‘मग?’

‘गेली. दवाखान्यात जाईल बहुतेक.’

‘तू तिला आत घेतलं नाहीस?’

‘नाही.’

तिनं हात धुतले, जेवली, वही उघडून बसली. मी समोर बसलो. मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, मग सांगू. पण असे किती दिवस मी जाऊ दिले. मी म्हटलं, ‘खारू, अर्ध्या बाटलीची गोष्ट मी तुला अपुरी सांगितली होती.’ आणि मोठ्या बाटलीचं सांगितलं. तिसऱ्या आठवड्याचं, लेबलांचं, सगळं. माझी कधीच कमी झाली नाही हे सांगितलं. त्या नऊ दिवसांत तू दोन आणायला लागली होतीस, हेही.

ती ऐकत होती. वहीच्या कोपऱ्यात पेन टेकवलेलं, शाई पसरत होती. तिनं विचारलं, ‘म्हणजे आई उगाच प्यायली?’

तू समोर असतीस तर मी वेगळं काही म्हणालो असतो. तिनं माझ्याकडे बघितलं तसं आजवर कुणी बघितलेलं नाही. सात वर्षं मी तिला सांगत आलो की तिच्या आईनं केलं ते कुणी केलं नसतं. आणि आता तिला त्या एका गोष्टीचा आधार सोडून द्यायचा होता.

मी म्हणालो, ‘हो. उगाच.’

‘आणि मी पण?’

‘तू पण.’

ती आत गेली. दार लावून घेतलं नाही, नुसतं लोटलं. रडत होती. मी बाहेर बसून राहिलो आणि आत गेलो नाही, कारण आत जाऊन मी तिला काही तरी गोड सांगितलं असतं.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो. तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट मी काल मुलीसमोर मोडून टाकली. तुला राग येईल. यायलाच हवा. पण कागदावरची मधली ओळ मी तिला दाखवलेली नाही. तुला माहीत असून तू पीत होतीस, हे ती मला विचारेल तर मी म्हणेन, आईला विचार. ते तिला तू सांगायचं आहेस, समोर बसून, कोरड्या तोंडानं. तेवढ्यासाठी तरी ये.